रक्त गोठण्याच्या विकारांवर संशोधन करायचंय? कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी विद्यापीठातून बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मुंबईला गेले आणि तेव्हापासून हिमोफिलिया आणि रक्त गोठण्याच्या इतर विकारांवर प्रयोगशाळेत काम करते. सुट्टीला घरी आले की कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी ‘मॅडमना भेटून ये’ म्हणून पाठवली जाते. कॉलेजात व्याख्यान झालं की मागे काही जण घुटमळतात. हल्ली पालकांचेही फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. उपचाराचा सल्ला मात्र इथे शोधू नका, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

तुम्ही डॉक्टर आहात, म्हणजे पेशंट तपासता का?

नाही. माझ्या नावाआधीचं ‘डॉ.’ पीएचडीचं आहे. आमच्या गल्लीतल्या एक काकू हे अजून मानत नाहीत, बीपीच्या गोळ्यांची पट्टी घेऊन येतातच. पेशंट तपासतात ते हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारांचे डॉक्टर. माझ्यापर्यंत येतं ते त्या पेशंटचं रक्त, त्याच्या घराण्याची माहिती आणि ‘हे असं का होतंय’ हा प्रश्न.

रक्त गोठतं ते त्यातल्या काही प्रथिनांमुळे. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि रोमन आकड्यांत एक ते तेरा असे क्रमांक दिलेत. (यादीत सहावा नाही. तो वेगळा फॅक्टर नसून पाचव्याचंच सक्रिय रूप निघालं, म्हणून गाळला.) खो-खोत बसलेल्या गड्याला खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, तसा एक फॅक्टर पुढच्याला जागं करतो आणि शेवटी फायब्रिनचं जाळं तयार होऊन गुठळी पक्की होते. ही साखळी १९६४ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली, इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन यांनी आणि अमेरिकेत डेव्ही व रॅट्नॉफ यांनी. आठवा फॅक्टर कमी असेल तर हिमोफिलिया ए, नववा कमी असेल तर हिमोफिलिया बी. कोणता फॅक्टर कमी आहे, का कमी आहे आणि त्याच्यावाचून काम कसं भागवायचं, एवढ्यात माझं सगळं क्षेत्र आलं.

हिमोफिलिया असलेल्याला नुसतं खरचटलं तरी जीव जातो, हे खरं का?

नाही. रक्त वेगाने वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. खरचटणं, बारीक काप हे सहसा निभावतं. खरा त्रास आतला असतो. गुडघा, कोपर, घोटा अशा सांध्यांत पुन्हा पुन्हा रक्त साचतं आणि उपचार मिळाले नाहीत तर ऐन तरुणपणी सांधा जाम होतो. डोक्याला मार लागला तर मात्र एक मिनिट घालवायचं नाही. आजार किती तीव्र हे फॅक्टरच्या प्रमाणावर ठरतं. निरोगी माणसाच्या १ टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ मध्यम, ५ ते ४० सौम्य. सौम्यवाल्यांना कित्येकदा दात काढल्यावर किंवा ऑपरेशनच्या टेबलावरच पत्ता लागतो.

कोल्हापुरात असे पेशंट असतात तरी का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात सुमारे १९.८ लाख पुरुष होते. ज्या देशांत रुग्णांची नोंद नीट ठेवली जाते तिथल्या आकड्यांवरून २०१९ मध्ये जागतिक अंदाज बांधला गेला, दर लाख पुरुषांमागे हिमोफिलिया एचे सुमारे १७ आणि बीचे सुमारे ४ रुग्ण. हा दर आपल्याला लावला तर एकट्या जिल्ह्यात एचे सव्वातीनशे-साडेतीनशे आणि बीचे पाऊणशेच्या आसपास रुग्ण असायला हवेत. सगळ्या तीव्रतेचे धरून.

आता तुमच्या गावच्या डॉक्टरांना विचारा, त्यांना असे किती माहीत आहेत. कागदावरचा आकडा आणि ओळखीतला आकडा यांच्यात जी तफावत निघेल, तिच्यात निदान न झालेली माणसं असतात, आणि लहानपणीच गेलेली मुलंही. भारतभर चित्र हेच आहे. या क्षेत्रात आज कुणी मला विचारलं की सगळ्यांत मोठा प्रश्न कुठला, तर मी जीन थेरपी (पेशींत चांगलं जनुक घालून उपचार) म्हणणार नाही. आजरा-चंदगडच्या मुलाचं निदान त्याचा गुडघा जायच्या आत कसं होईल, हे म्हणेन. पुढची बरीच उत्तरं या मतातून आलीत, तेव्हा मत आधीच सांगून टाकलं.

आमचं शेत घोणशींनी भरलंय. घोणस चावल्यावर रक्त गोठत नाही, ते हिमोफिलियासारखंच का?

ऊसपट्ट्यातल्या मुलांचा हमखास प्रश्न, आणि संशोधनाला याच्याइतकी चांगली सुरुवात नाही.

परिणाम दिसायला सारखा, कारण उलटं. हिमोफिलियात एक फॅक्टर जन्मतःच कमी असतो. घोणशीचं विष मात्र दहाव्या आणि पाचव्या फॅक्टरला थेट चेतवतं. साखळी मधूनच आणि भलत्याच जोरात सुरू होते, फायब्रिनोजेन (ज्यापासून फायब्रिन बनतं) आणि इतर फॅक्टर वापरून संपतात, आणि मग गोठायला काही शिल्लकच राहत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येत राहतं. फुरसं वेगळ्या जागी घाव घालतं, त्याचं विष प्रोथ्रॉम्बिनला म्हणजे दुसऱ्या फॅक्टरला चेतवतं. म्हणूनच विष रक्तात असेपर्यंत नुसतं रक्त किंवा प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) चढवून भागत नाही. प्रतिविष हाच खरा उपचार.

सरकारी दवाखान्यात यासाठी जी चाचणी करतात ती जरूर बघून घ्या. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेतात आणि २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. मग नळी तिरकी करतात. रक्त वाहिलं तर गोठलेलं नाही. मशीन नाही, रसायन नाही. पण नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, कारण काचेच्या पृष्ठभागाने बारावा फॅक्टर जागा होतो. साबणाने धुतलेली नळीही दगा देते. एवढ्याशा चाचणीत पृष्ठभागाचं रसायन, वेळेचं मोजमाप आणि जीव वाचवणारा निर्णय असं सगळं आहे.

गंमत पुढेच आहे. १९३४ साली मॅकफर्लेन आणि बार्नेट यांनी याच घोणशीचं विष खूप पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांत बाहेरून लावलं, रक्तस्राव थांबतो का हे पाहायला. आणि आजही पातळ केलेलं घोणशीचं विष जगभरच्या प्रयोगशाळांत असतं. ल्युपस अँटिकोअॅग्युलंट नावाची प्रतिपिंडं शोधायची चाचणी त्यावर चालते. या प्रतिपिंडांमुळे प्रयोगशाळेतल्या नळीत रक्त उशिरा गोठतं, आणि शरीरात उलट नको तिथे गुठळ्या होतात.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं दगावली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. हा प्रश्न आपल्या बांधावरचा आहे. युरोपातल्या प्रयोगशाळेने तो आधी हाती घ्यावा अशी वाट बघत बसायचं काही कारण नाही.

बारावीनंतर नेमकं काय करायचं? एमबीबीएस लागतंच का?

लागत नाही. वाटा दोन-तीन आहेत.

पेशंट बघायचे आणि संशोधनही करायचं असेल तर एमबीबीएस, मग मेडिसिन, बालरोग किंवा पॅथॉलॉजीत एम.डी., त्यापुढे क्लिनिकल हिमॅटॉलॉजीत डी.एम. वाट लांब आहे, सीट कमी आहेत, पण रुग्ण आणि प्रयोगशाळा दोन्ही हातात राहतात.

प्रयोगशाळेतच काम करायचं असेल तर बी.एस्सी., मग बायोकेमिस्ट्री, बायोटेक्नॉलॉजी, मायक्रोबायोलॉजी किंवा झूऑलॉजीत एम.एस्सी., मग नेट-जेआरएफ (पात्रता परीक्षा आणि तिच्यातून मिळणारी संशोधन फेलोशिप) आणि पीएचडी. सीएसआयआर-यूजीसीची परीक्षा सगळ्यांना माहीत असते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटीची (केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग) स्वतंत्र जेआरएफ परीक्षा असते हे आपल्याकडच्या पोरांना बऱ्याचदा उशिरा कळतं.

डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) केलेल्यांना कुणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. गोठण्याच्या चाचण्यांत चांगला तंत्रज्ञ मिळणं हे चांगला पीएचडी मिळण्यापेक्षा अवघड आहे. शिवाय फिजिओथेरपी, संख्याशास्त्र, संगणक यांतली माणसंही इथे हवी असतात. हिमोफिलियाचा सांधा कशाने वाचतो, यावर फिजिओथेरपिस्टने करायचं संशोधन अजून भरपूर पडून आहे.

कोल्हापुरात राहून किती होईल?

एम.एस्सी.पर्यंत आरामात. शिवाजी विद्यापीठ आहे, राजाराम, विवेकानंदसारखी कॉलेजं आहेत, सीपीआर रुग्णालयाला जोडून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. एम.एस्सी.चा प्रोजेक्ट मिळेल तो घेऊ नका. रक्ताशी, प्रथिनांशी किंवा विषाशी संबंध असलेला मागून घ्या.

पीएचडीला मात्र बाहेर पडावं लागेल, आणि त्यात रडण्यासारखं काही नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांच्या कामासाठी ती सुरू झाली, आणि हिमोफिलियाचं जनुकीय निदान, गर्भावस्थेतलं निदान, इनहिबिटर (टोचलेल्या फॅक्टरला निकामी करणारी प्रतिपिंडं) यांवर तिथे कांजाक्ष घोष, श्रीमती शेट्टी यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. संस्थेचं एक केंद्र चंद्रपूरलाही आहे, सिकलसेलसारख्या आजारांसाठी. दक्षिणेत वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आहे. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलात की सकाळी मुंबई. घरच्यांना हे सांगा, त्यांना वाटतं तेवढं लांब नाही.

पैसे मिळतात का? घरी हेच विचारतात.

विचारू देत, रास्त प्रश्न आहे. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. श्रीमंती नाही, पण घरून पैसे मागवायची वेळ येत नाही. कधीकधी हप्ते लांबतात, तेव्हा गाठीला चार पैसे ठेवा. फेलोशिपशिवाय पीएचडीला बसू नका, हे मी स्पष्टच सांगते. ‘आधी रुजू व्हा, मग बघू’ असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघा.

पीएचडीनंतर सरकारी संस्था, मेडिकल कॉलेजं, मोठ्या रुग्णालयांच्या प्रयोगशाळा, चाचणी किट आणि औषधं बनवणाऱ्या कंपन्या, शिकवणं. कंपन्यांत पगार बरा असतो. सरकारी जागा निघायला वेळ लागतो.

पहिल्या वर्षी प्रयोगशाळेत काय करायला लागतं?

रक्त नीट घ्यायला आणि नीट सांभाळायला शिकायचं. ऐकून पोरांचे चेहरे पडतात. त्यांना डीएनए सिक्वेन्सिंग हवं असतं.

पण इथे सगळा खेळ नमुन्याचा आहे. रक्त निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, तिच्यात ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. ट्यूबवर खूण असते, तिथपर्यंत भरली पाहिजे. बाळ रडतंय, शीर सापडत नाही म्हणून अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं आणि एपीटीटी (प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणारी चाचणी) खोटाच वाढलेला येतो. शीर शोधायला सुई आत हलवत बसलं तर ऊतींतला पदार्थ रक्तात मिसळून गोठणं तिथेच सुरू होतं. मग ट्यूब हलक्या हाताने उलटी-सुलटी करायची, खळखळवायची नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा पिवळसर प्लाझ्मा काढायचा, तोही तळाशी बसलेल्या पेशींना धक्का न लावता, कारण मागे राहिलेल्या प्लेटलेट पुढच्या चाचण्या बिघडवतात. लगेच तपासायचा नसेल तर उणे ८० अंशांवर. वितळवायचा तर ३७ अंशांच्या पाण्यात झटपट. बाहेर टेबलावर ठेवून सावकाश वितळू दिला तर आठवा फॅक्टर गाळात जातो आणि वरचा प्लाझ्मा खोटं बोलतो.

हे सगळं हातात बसलं की पुढची मजा. एपीटीटी वाढलेला आलाय, आता रुग्णाचा प्लाझ्मा आणि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मानिम्मा मिसळून बघायचं. वेळ दुरुस्त झाली तर फॅक्टर कमी होता. नाही झाली तर रुग्णाच्या रक्तात फॅक्टरला मारणारं काहीतरी आहे. आठव्या फॅक्टरचा इनहिबिटर पुष्कळदा लगेच दिसत नाही, म्हणून मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवून पुन्हा मोजायचं. दोन तासांनी आकडा सरकलेला दिसतो तेव्हा पहिल्यांदाच पाहणारा विद्यार्थी खुर्चीतून उठतोच.

नमुना बर्फात घालून मुंबईला पाठवला तर चालतो ना?

प्लाझ्मा वेगळा करून गोठवलेला असेल तर कोरड्या बर्फात पाठवा, छान. न फिरवलेलं रक्त मात्र बर्फात घालू नका. थंडीत सातवा फॅक्टर चेतवला जातो, आणि आठवा व व्हॉन विलब्रँड फॅक्टर (प्लेटलेटना जखमेवर चिकटवणारं प्रथिन) कमी दिसू लागतात. म्हणजे धडधाकट माणसाला हिमोफिलिया किंवा व्हॉन विलब्रँड विकार असल्याचा रिपोर्ट मिळू शकतो. एका लॅबकडून आमच्याकडे थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये रुतवलेल्या ट्यूब यायच्या, वर ठळक अक्षरांत ‘अर्जंट’. फोन करून सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, दूध पण बर्फातच पाठवतात.’ बरं, चूक त्या पोराची नव्हती, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

सांगायचं कारण, नमुना तालुक्यातून शहरात न नेता चाचणीच तालुक्यात नेता आली तर हा घोळच मिटतो. राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिमोफिलिया ए आणि व्हॉन विलब्रँड विकारासाठी जागेवरच करता येईल अशी चाचणी तयार केली आहे. अशा कामाला टाळ्या कमी पडतात. माझ्या लेखी ते पहिल्या रांगेतलं काम आहे.

मामाच्या मुलीशी लग्न केल्यामुळे हिमोफिलिया होतो का?

हिमोफिलिया त्यामुळे होत नाही. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. आई वाहक (सदोष जनुक बाळगणारी) असेल तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. वडिलांना आजार असेल तर सगळ्या मुली वाहक आणि मुलगे सुटले. लग्न नात्यात झालं की बाहेर, सर्वसाधारणपणे हे गणित तेच.

पण गोठण्याचे काही दुर्मीळ विकार नात्यातल्या लग्नांत जास्त दिसतात, कारण त्यांना आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक यावं लागतं. सातव्या किंवा दहाव्या फॅक्टरची तूट, ग्लान्झमनचा प्लेटलेटचा विकार आणि तेराव्या फॅक्टरची तूट ही त्यातली नावं. तेराव्याची गोष्ट लक्षात ठेवा. बाळाची नाळ पडताना रक्त थांबत नाही, पण पीटी (गोठण्याच्या वेळेची दुसरी चाचणी) आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येतात, कारण गुठळी वेळेवर होते, फक्त कच्ची होते. ती युरियाच्या द्रावणात विरघळते का हे पाहून संशय घेतात. जगात हे विकार इतके विरळ आहेत की मोठमोठ्या केंद्रांना अभ्यासायला घरं सापडत नाहीत. नात्यातली लग्नं जिथे सर्रास होत आली, त्या दक्षिण महाराष्ट्रात-कर्नाटकात ती शोधायला हवीत.

मुलींना हिमोफिलिया होत नाही, बरोबर?

असं शिकवलं जायचं. पुष्कळ वाहक बायकांत फॅक्टर इतका कमी असतो की त्यांनाही रक्तस्राव होतो, आणि तो ‘अंगावर जास्त जातं’ एवढ्यावर सोडून दिला जातो. व्हॉन विलब्रँड विकार तर बाईपुरुष बघत नाही. एरिक फॉन विलब्रँड यांनी १९२६ साली त्याचं वर्णन केलं ते फिनलंडजवळच्या ऑलंड बेटांवरच्या एका मुलीवरून. पाळीत भयंकर रक्त जाणाऱ्या किती मुलींना आपल्याकडे नुसत्या लोहाच्या गोळ्या दिल्या जातात याचा कुणीतरी कोल्हापुरात नीट अभ्यास करा. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टएवढं काम आहे, आणि उपयोग पीएचडीएवढा.

पेशंटच्या घरच्यांशी बोलावं लागतं का? मला ते जमत नाही.

जमवावं लागतं, कारण निम्मी माहिती तिथूनच येते. वंशावळ काढताना पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, वाहक बाईच्या वर्तुळात ठिपका. खोलीत सहसा मूल, आई आणि सासू असतात. ‘आमच्या घराण्यात असलं काही नाही’ हे पहिलं वाक्य सासूचं. आई गप्प. तिच्या माहेरचं विचारायला लागलं की तीही आधी नाहीच म्हणते. मग हळूहळू निघतं, आजीचा एक भाऊ होता, पाय सुजायचा, लहानपणीच गेला, लोक म्हणायचे बाहेरचं झालं. कागदावर तो चौकोन भरला की सगळ्यांचं लक्ष आईकडे जातं.

अशा वेळी तोंडात दोन वाक्यं तयार पाहिजेत. एक, जनुक कुणी निवडून देत नाही. दोन, तीव्र हिमोफिलियाच्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांत घराण्यात आधी कुणालाच आजार नसतो, बदल नव्याने झालेला असतो. हे सासूसमोर, मराठीत, सावकाश सांगायचं. इंग्रजी पेपर लिहिण्याइतकंच हे कौशल्याचं काम आहे आणि कुठल्याही अभ्यासक्रमात नाही.

आमच्या पोराला हिमोफिलिया आहे, तालमीत घालता येईल का?

कुस्ती नाही. पोहणं चालतं, सांध्यांभोवतीचे स्नायू बळकट होतात, पण डॉक्टरांना विचारून आणि उपचार नियमित चालू ठेवून.

या क्षेत्रात आदर्श म्हणून कुणाचं काम वाचावं?

रोझमेरी बिग्ज वाचा. १९५२ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हिमोफिलिया दोन वेगळे आजार आहेत हे दाखवलं. एका रुग्णाचं रक्त दुसऱ्याचं रक्त दुरुस्त करत होतं, म्हणजे दोघांत उणीव वेगवेगळी असणार. बीचा तो पहिला रुग्ण स्टीफन ख्रिसमस, म्हणून त्याला ख्रिसमस आजारही म्हणतात. रशियाच्या झारच्या मुलाला ए होता की बी, याचं उत्तर २००९ साली हाडांतल्या डीएनएवरून मिळालं. तो बी निघाला.

माझी आवडती मात्र ज्युडिथ ग्रॅहम पूल. गोठवलेला प्लाझ्मा थंडीतच सावकाश वितळवला की तळाला जो गाळ उरतो, त्यात आठवा फॅक्टर भरपूर असतो हे त्यांनी १९६४ च्या सुमारास दाखवलं. म्हणजे इतरांचा जो घोळ होता तेच त्यांचं औषध झालं, क्रायोप्रेसिपिटेट. कारखाना नको, साधी रक्तपेढी पुरे. त्याने किती मुलं शाळेत जाऊ लागली!

भारतात आलोक श्रीवास्तव यांचं वेल्लोरचं काम बघा. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या उपचारसूचनांचे ते प्रमुख लेखक. कमी मात्रेत, पण नियमित फॅक्टर दिला तरी सांधे बरेच वाचतात, हा गरीब देशांना परवडणारा विचार पुढे नेणाऱ्यांत ते आहेत.

जीन थेरपी आली, आता संशोधन करायला काय उरलं?

भरपूर. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत हिमोफिलिया बीच्या पहिल्या जीन थेरपीला परवानगी मिळाली, किंमत ३५ लाख डॉलर. एका माणसाची. एची त्यानंतर २०२३ मध्ये आली, पण तिच्यात तयार होणारा आठवा फॅक्टर वर्षागणिक घटत जातो. फायझरने आपली बीवरची थेरपी २०२५ मध्ये बाजारातून काढूनच घेतली, कारण घेणारेच पुढे येईनात. जनुक पेशीत नेणाऱ्या विषाणूविरुद्ध आधीच प्रतिपिंडं असलेल्यांचं काय, लहान मुलांचं काय, यकृत खराब असलेल्यांचं काय, हे प्रश्न उभेच आहेत.

वेल्लोरच्या गटाने वेगळी वाट घेतली. रुग्णाच्याच रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, त्यांत लेंटिव्हायरसच्या मदतीने आठव्या फॅक्टरचं जनुक घालून त्या परत दिल्या. तीव्र हिमोफिलिया एच्या पाच रुग्णांचे निष्कर्ष २०२४ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झाले, आणि निरीक्षणाच्या काळात पाचही जणांना रक्तस्राव झाला नाही. पाचच जण आहेत हे विसरू नका, मूळपेशी देण्याआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते हेही. तरी माझ्या मते गेल्या काही वर्षांतली देशातली ही सर्वांत मोलाची बातमी.

औषधांतही उलथापालथ झाली. जपानमध्ये शोधलेलं एमिसिझुमॅब २०१७ पासून वापरात आलं. हे प्रतिपिंड नवव्या आणि दहाव्या फॅक्टरला एकत्र धरून आठव्याचं काम भागवतं, शिरेतून नव्हे तर कातडीखाली टोचतात, आणि इनहिबिटर असले तरी चालतं. पण हे घेणाऱ्या रुग्णाचा एपीटीटी नॉर्मल किंवा त्याहूनही कमी येतो. म्हणजे आमच्या सगळ्या जुन्या चाचण्या त्याच्या रक्तात फसतात. आता नवीन चाचण्या कोण बसवणार? तुम्ही.

एड्सचा आणि हिमोफिलियाचा काय संबंध? मुलाखतीत विचारतात म्हणे.

विचारायलाच हवं. रुग्णांना टोचायचा फॅक्टर तेव्हा हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून बनायचा. १९८० च्या दशकात त्यातून एचआयव्ही पसरला आणि अमेरिकेतल्या निम्म्याच्या आसपास हिमोफिलिया रुग्णांना लागण झाली. ज्याच्या नावाने आजार ओळखला जातो तो स्टीफन ख्रिसमसही रक्तातून आलेल्या एड्सनेच १९९३ साली गेला. धोक्याच्या खुणा दिसत असताना बऱ्याच तज्ज्ञांनी आणि कंपन्यांनी वेळ काढला. या क्षेत्रातले जुने रुग्ण नव्या औषधाबद्दल दहा प्रश्न विचारतात ते उगाच नाही. त्यांची उत्तरं देताना वैतागू नका.

इंग्रजी कच्चं आहे.

सुधारतं. पेपर वाचत राहा.

गाइडला मेल कसा लिहायचा?

छोटा. त्यांचे निदान दोन पेपर वाचून, त्यातल्या एकाबद्दल खरोखर पडलेला प्रश्न दोन ओळींत. तुमचा प्रोजेक्ट, नेटचा निकाल, कधीपासून येऊ शकता. गुणपत्रिकांचे सोळा फोटो जोडू नका, एक पीडीएफ पुरे. ‘लहानपणापासून संशोधनाची आवड’ हे वाक्य गाळा. आणि ‘रिस्पेक्टेड सर’ लिहायच्या आधी नाव बघा, या क्षेत्रात प्रयोगशाळा चालवणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर तोच मेल पुन्हा एकदा पाठवा. बहुतेक वेळा तो खाली गेलेला असतो, एवढंच.